फलाटावरचा मुलगा रुमाल का हुंगतो?

कल्याण स्टेशनच्या पुलाखाली काही वर्षं आम्ही तीन-चार जण दर रविवारी सकाळी सतरंजी टाकून बसायचो. स्टेशनात राहणाऱ्या मुलांना अक्षरओळख करून द्यायची, सोबत पोहे किंवा केळी. त्यात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा यायचा. उजवी मूठ कायम तोंडाशी. पहिल्यांदा मला वाटलं, दाढ दुखत असेल. तो जवळ येऊन बसला तेव्हा वास आला, नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. मुठीत कापडाचा ओला बोळा होता. तो पाटीवर 'क' गिरवायचा, मध्येच मूठ नाकाशी नेऊन खोल श्वास घ्यायचा आणि पुन्हा पाटीवर वाकायचा. 'क'चा दांडा दर वेळी थोडा जास्त वाकडा यायचा.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. कुर्ल्याच्या पुलावर, दादरला फुलबाजाराच्या बाजूला, पुणे स्टेशनबाहेर. त्यांच्याबद्दलची बातमी अधूनमधून येते, पोलिसांची मोहीम होते, चार दिवस स्टेशन मोकळं दिसतं आणि मग सगळं होतं तसंच. येणारे-जाणारे म्हणतात, 'वाया गेलेली पोरं', नाहीतर 'बिचारी, कोणीतरी नादी लावलं असेल'. या दोन्ही बोलण्यांत एक प्रश्न राहूनच जातो. ही नशा त्या मुलाच्या काय कामाला येते? तो कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही, म्हणून हा लेख त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

## बोळ्यात असतं काय?

सहसा दोन वस्तू. एक व्हाइटनर पातळ करायला लागणारं थिनर आणि दुसरं सायकलचं पंक्चर काढताना लावतात ते 'सोल्यूशन'. मुलांच्या तोंडी ते 'सुलेशन'. दोन्ही वस्तू साध्या दुकानात मिळत आल्या आहेत (थिनरवरच्या बंदीबद्दल पुढे येईलच), थोड्या पैशांत मिळतात आणि खिशात सापडल्या तर त्यांवरून कोणाला अटक होत नाही.

या वस्तूंमध्ये लवकर उडून जाणारं द्रावक असतं. द्रावक म्हणजे डिंक, रंग, रबर यांना विरघळवून पातळ ठेवणारा द्रव. काम झालं की तो हवेत उडून जातो आणि डिंक वाळून घट्ट होतो. अशा द्रावकांत बऱ्याचदा टोल्युईन नावाचं रसायन असतं. घराला ऑइलपेंट दिल्यावर खिडक्या उघड्या ठेवायला सांगतात ते अशाच वाफांमुळे. बंद खोलीत रंगकाम करणाऱ्याचं डोकं जड होतं, गरगरतं. आपण त्या वाफेपासून लांब पळतो. हा मुलगा तीच वाफ कापडात भिजवून, मुठीत धरून, मुद्दाम छातीत भरून घेतो.

## एसटी आणि फास्ट लोकल

दारू पोटात जाते, तिथून रक्तात, मग यकृताचं नाकं, मग मेंदू. प्रत्येक गावात थांबणाऱ्या एसटीसारखा हा प्रवास. हुंगलेली वाफ फुफ्फुसातून थेट रक्तात शिरते आणि काही सेकंदांत मेंदूत पोचते, मधे थांबा नाही. आणि टोल्युईनला चरबीची ओढ असते. मेंदू हा शरीरातल्या सगळ्यांत चरबीदार अवयवांपैकी एक, त्यामुळे ते तिथे पटकन मुरतं.

परिणाम दारूसारखाच. आधी हलकं वाटतं, हसू येतं, मग जीभ जड होते, तोल जातो, कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. फरक इतकाच की गाडी जशी पटकन येते तशी पटकन जाते. काही मिनिटांत, फार तर अर्ध्या-पाऊण तासात असर उतरतो. म्हणून मूठ पुन्हा नाकाशी जाते. दिवसभर जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं एकदा 'मारून' पडलंय, पण प्रत्यक्षात त्याने त्या दिवसात पन्नास वेळा श्वास घेतलेला असतो.

## नशा त्याच्या काय कामाला येते?

तुम्ही रात्री फलाटावर झोपायचं ठरवलं आहे असं धरून चाला. प्रवासी म्हणून एक रात्र नव्हे, रोज.

शेवटची गाडी जाईपर्यंत गर्दी असते. मग झाडणारे येतात, पाणी मारतात, उठावं लागतं. मग काठी फिरते. पहाटे पहिली गाडी लागते तेव्हा पुन्हा उठायचं. मधल्या दोन-अडीच तासांत डोळा लागला तर चपला जातात, खिशातले पैसे जातात. आणि त्याहून वाईटही घडतं. स्टेशनवरच्या मोठ्या मुलांपासून आणि बाहेरून येणाऱ्या पुरुषांपासून रात्री या मुलांच्या अंगाशी काय होतं, ते मुलं सरळ सांगत नाहीत. पण कोणत्या कोपऱ्यात झोपायचं नाही, हे नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात.

म्हणजे थंडी, भूक, भीती आणि अर्धवट झोप, यांच्यावर रोज काहीतरी उपाय हवा. एकेकावर वेगळा उपाय करायला घर लागतं. जेवायला स्वयंपाकघर, थंडीला पांघरूण, भीतीला आतून लागणारी कडी. या मुलाकडे चारहींवर एकच स्वस्त उपाय असतो. तो त्याच्या मुठीत.

त्या पाटीवाल्या मुलाला मी एकदा विचारलं, बाबा, चव लागते का त्याची? तो म्हणाला, "दीदी, इससे भूख मर जाती है, और ठंड भी नहीं लगती." त्याच्या आवाजात मजा केल्याचा कुठलाच सूर नव्हता. आपण 'डोकं दुखत होतं, गोळी घेतली' म्हणतो त्या आवाजात तो बोलत होता. द्रावकाची नशा खरोखरच भूक मारते आणि अंग बधिर करते, तेव्हा त्याचं निरीक्षण अचूक होतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपण मोठी माणसं सोयीने विसरतो. बोळा एकट्याने क्वचितच हुंगला जातो. एक ट्यूब चौघांत फिरते. नवीन मुलगा फलाटावर उतरतो तेव्हा त्याला पहिलं जेवण, पहिली झोपायची जागा आणि पहिला बोळा बऱ्याचदा एकाच टोळीकडून मिळतो. टोळीत राहायचं तर टोळी करते ते करायचं. घरातून पळून आलेल्या दहा वर्षांच्या पोराने त्या रात्री टोळीला नाही म्हणायचं आणि मग झोपायचं कुठे?

## 'पैसे असतात ना, मग जेवत का नाहीत?'

हा आक्षेप मी शंभरदा ऐकला आहे, आणि तो गैर नाही. ही मुलं कमावतात. बाटल्या वेचतात, भंगार विकतात, गाडीत झाडू मारून हात पुढे करतात, फुलबाजारात ओझी उचलतात. चांगल्या दिवशी कमाई पोटापुरती नक्की होते.

पण कमाई ठेवायची कुठे? बँकेत खातं नाही, ट्रंक नाही, उशी नाही जिच्याखाली नोट सरकवावी. रात्री झोपेत खिसा कापला जाणार हे ठरलेलंच. म्हणून सूर्य मावळायच्या आत पैसे संपवणं हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार. खाणं, व्हिडिओ गेम, सिनेमा आणि बोळा, यांत ते संपतात. पैसे सुरक्षित ठेवण्याची जागा मिळाली की हीच मुलं बचत करतात, असा अनुभव आहे. दिल्लीच्या 'बटरफ्लाइज' या संस्थेने रस्त्यावरच्या मुलांसाठी मुलांनीच चालवलेली बँक सुरू केली, ती पुढे इतर देशांतही गेली. उधळेपणा पोराच्या स्वभावात आहे की त्याच्या परिस्थितीत, याचं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

## 'पण नशेमुळेच तर घर सुटलं असेल'

काहींचं तसं असतं. गावात गुटखा, मग बिडी, मग चोरी, मग मार, मग पळून जाणं. पण माझ्या सतरंजीवर बसणाऱ्या बहुतेकांची गोष्ट उलट क्रमाने घडलेली होती. आधी दारुडा बाप किंवा सावत्र घर, किंवा परीक्षेत नापास झाल्याची भीती, मग गाडी, मग फलाट, आणि मग बोळा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2013 मध्ये देशभरातल्या नशा करणाऱ्या 4 हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात तंबाखू आणि हुंगायचे पदार्थ या दोन्हींची सुरुवात सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास झालेली दिसते. साधारण तिघांत एक मूल हुंगणारं होतं, आणि घरी राहणाऱ्या मुलांपेक्षा रस्त्यावरच्या मुलांत हे प्रमाण जास्त होतं. पदार्थ सगळीकडे मिळतो, पण तो कोणाच्या हाताला चिकटतो हे बरंचसं राहण्याच्या जागेवरून ठरतं.

आणि 'बेघर' म्हणजे दर वेळी एकटं नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची मोजणी केली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. सुमारे 37 हजार मुलं सापडली आणि त्यांतली साधारण दोन तृतीयांश मुलं कुटुंबासोबत फुटपाथवर राहत होती. आई सिग्नलला गजरे विकते, बाप बांधकामावर, आणि पोरगं दिवसभर मोकळं. मुली जास्त करून या गटात दिसतात. स्टेशनवर एकटी उतरलेली मुलगी फार वेळ स्टेशनवर राहत नाही. तिला कोणीतरी घेऊन जातं, आणि घेऊन जाणारा चांगला असेलच असं नाही.

## शरीर काय किंमत मोजतं

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. ते सोललं गेलं की तार असूनही दिवा फडफडतो. मेंदूतल्या तंतूंवरही चरबीचं असंच वेष्टण असतं, आणि टोल्युईनला चरबीची ओढ असते हे वर आलंच आहे. वर्षानुवर्षं हुंगणाऱ्याचं हे वेष्टण खराब होतं. चाल लटपटते, हात थरथरतात, ऐकू कमी येतं, शिकलेलं लक्षात राहत नाही. पाटीवरचा वाकडा होत जाणारा दांडा मी आधी आळस समजत होते. एकदा त्याच्यावर ओरडलेही होते. ते आजही खुपतं.

मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि एके सकाळी पोराच्या पायांत बळच राहत नाही, उठताच येत नाही. हे वेळेत कळलं तर दवाखान्यात पोटॅशियम देऊन सावरता येतं. ओला बोळा हातात असताना बिडी पेटवली तर हात-तोंड भाजतं, कारण द्रावक पेट्रोलसारखं भडकतं. पिशवीत ओतून तोंडाला लावणाऱ्यांचा श्वास कोंडतो.

या सगळ्यांत एक धोका असा आहे जो प्रत्येक प्रवाशाला, पोलिसाला आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला माहीत असायलाच हवा. या वाफांमुळे हृदय ॲड्रिनॅलिनच्या बाबतीत हळवं होतं. ॲड्रिनॅलिन म्हणजे घाबरल्यावर किंवा धावताना शरीर सोडतं ते रसायन. हुंगत असलेल्या मुलाला अचानक दचकवलं, काठी घेऊन त्याच्या मागे धावलं, की हृदयाचे ठोके एकदम बेताल होऊन ते बंद पडू शकतं. पहिल्यांदाच हुंगणाऱ्याच्या बाबतीतही हे घडू शकतं. डॉक्टरी भाषेत याला 'सडन स्निफिंग डेथ' असं नावच आहे. म्हणजे आपण ज्याला 'धाक दाखवणं' म्हणतो, तोच त्या क्षणी जीवघेणा ठरू शकतो. हात पुढे करून, आवाज न चढवता त्याला मोकळ्या हवेत बसवणं, एवढंच त्या वेळी करायचं असतं.

दिलासा एवढाच की हुंगणं लवकर थांबलं तर मेंदूचं नुकसान काही अंशी भरून निघतं. पोरं वाढत्या वयात असतात, ते इथे त्यांच्या बाजूने असतं.

## मोजणीत न सापडणारी मुलं

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर मुलांमधल्या नशेची राष्ट्रीय पाहणी करायला सांगितलं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी 2019 च्या सुरुवातीला आली. त्यात एक आकडा असा आहे की तो वाचून मी थांबलेच. दारू, गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या, सगळ्या पदार्थांत मोठ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त. हुंगायच्या पदार्थांत मात्र उलटं. 10 ते 17 वयातली 1.17 टक्के मुलं हुंगतात, मोठ्यांत हे प्रमाण 0.58 टक्के. सुमारे 4 लाख 60 हजार मुलांना या एका सवयीसाठी मदतीची गरज आहे, आणि अशा मुलांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, दिल्ली, हरियाणा यांच्यासोबत महाराष्ट्रही आहे.

आता यातली खोच पाहा. या पाहणीचा मुख्य भाग 2 लाखांवर घरांत जाऊन, घरातल्या माणसांना विचारून झाला. घरोघरच्या पाहणीत फलाटावरचं पोर कुठल्या दारात उभं राहणार? म्हणजे ज्यांच्यात ही सवय सगळ्यांत खोल गेली आहे, तीच मुलं त्या आकड्यात पुरेशी उतरत नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 10 हजार माणसं बेघर नोंदली गेली. तीही एका रात्रीत, टॉर्च घेऊन, जितकी दिसली तितकी.

## 'सरळ बंदी घाला ना'

घातली होती. 2012 मध्ये केंद्र सरकारने बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर किरकोळ विकायला मनाई केली आणि ते पेनसारख्या साधनातच विकायची परवानगी दिली, म्हणजे एका वेळी थोडंच निघावं. त्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. नवख्या मुलाच्या हाताला सहज लागणारी वस्तू जरा दूर गेली, हेही काही कमी नाही. पण पंक्चरवाल्याचं सोल्यूशन कसं थांबवणार? पेट्रोल, रंग, चपलांच्या कारखान्यातला गोंद? हे सगळं वापरणारी कामाची माणसं आहेत, त्यांना या वस्तू लागतातच. अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत टोल्युईन नाही, आणि ते घालणं सोपंही नाही, कारण रंगउद्योगात ते बरंच वापरलं जातं.

वस्तूच बदलली तर जास्त फरक पडतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्य भागातल्या आदिवासी वस्त्यांत तरुण मुलं पेट्रोल हुंगत होती. तिथे 2005 पासून 'ओपल' नावाचं, नशा न येणारं पेट्रोल पंपांवर आणलं गेलं आणि हुंगण्याचं प्रमाण प्रचंड घटलं. अमेरिकेत 1969 मध्ये एका कंपनीने खेळण्यातल्या विमानांची मॉडेल जोडायच्या गोंदात मोहरीचं झोंबणारं तेल घातलं, म्हणजे हुंगलं की नाक-डोळ्यांतून पाणी. पंक्चरच्या सोल्यूशनबाबत असं काही करायचा आग्रह आपण धरायला हवा. पण ओपल आलं तिथेही तरुणांसाठी कामं, खेळ, केंद्रं असलेल्या वस्त्यांतच बदल टिकवणं सोपं गेलं. मुठीतला बोळा काढून घेतला तरी थंडी, भूक आणि भीती जागच्या जागीच असते. मग पोर दुसरं काहीतरी शोधतं. खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, जरा मोठं झालं की गर्द, म्हणजे ब्राउन शुगर. सुईपर्यंतही.

## 'उचला आणि केंद्रात टाका'

कायद्याची वाट अशी आहे. सापडलेल्या मुलाला 24 तासांत बालकल्याण समितीसमोर उभं करायचं. समिती त्याला बालगृहात पाठवते किंवा घरी पोचवते. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये व्यसनी मुलाला उपचारांच्या ठिकाणी पाठवण्याची वेगळी तरतूदही आहे. कागदावर सगळं आहे.

अडतं ते इथे की आपली बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं मोठ्या माणसासाठी आणि कुटुंब असलेल्या माणसासाठी उभी राहिली. मराठी माणसाला पुण्याचं मुक्तांगण परिचयाचं आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. 35 दिवस राहायचं, टर्की सोसायची, म्हणजे नशा बंद केल्यावर अंगाची जी तडफड होते ती, बोलायचं, लिहायचं आणि मग घरी जायचं. बायकोशी, आईशी केंद्राचा संबंध राहतो, पाठपुरावा होतो. हजारो संसार त्यातून सावरले. पण या पद्धतीच्या शेवटी 'घर' हा शब्द आहे. ज्याला घर नाही त्या पोराला छत्तिसाव्या दिवशी कुठे सोडायचं? बऱ्याचदा उत्तर तोच फलाट असतो, तीच टोळी, तोच वास.

आमच्या सतरंजीवरचं एक पोर असंच एका केंद्रातून परत आलं. चेहरा भरला होता, केस नीट कापलेले. "वहाँ खाना अच्छा था," तो म्हणाला. चौथ्या दिवशी मूठ पुन्हा तोंडाशी होती. त्या चार दिवसांत तो एकटा रात्री कुठे झोपला असेल, हा विचार आमच्यापैकी कोणालाच वेळेवर सुचला नाही. मलाही नाही.

गर्दच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देता येतं. हुंगण्यावर तशी गोळीच नाही. म्हणजे डॉक्टरकडे देण्यासारखं जे उरतं ते जेवण, झोप, बोलणं, शिकवणं, कामात गुंतवणं. योगायोग असा की बोळा त्या पोराला ज्या गोष्टींची उसनवारी करून देतो, त्यातल्या बऱ्याच याच आहेत.

## 'आधी नशा सोड, मग आसरा'

हे ऐकायला शिस्तीचं वाटतं. निवाऱ्यात नशेबाज घेतले तर बाकीच्यांना त्रास, लहान मुलं बिघडतील, ही भीतीही खरी आहे. पण ज्या मुलाची नशा झोपेसाठी आहे त्याला 'नशा सोडलीस तर झोपायला जागा देतो' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'धावून दाखव, मग कुबडी देतो' म्हणण्यासारखं आहे.

1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम लावून पाहिला. आधी घर, अट काही नाही, मग लागेल ती मदत. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांवर बेघर माणसांवर हा प्रयोग मोठ्या प्रमाणात करून मोजला. घर मिळालेली माणसं घरात टिकली, नेहमीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त. नशा मात्र त्यामुळे आपोआप सुटली नाही. दोन्ही गटांत ती साधारण सारखीच कमी झाली. हे लपवायचं कारण नाही. घर हे औषध नव्हे, पण घरात असलेल्या माणसाला डॉक्टर, समुपदेशक, मास्तर पुन्हा त्याच पत्त्यावर भेटू शकतात. आणि नशा न सोडताही तो घर सांभाळू शकतो, म्हणजे 'आधी सोड' ही अट तितकी गरजेची नव्हती, एवढं त्यातून दिसलं. ती मोठी माणसं होती आणि मुंबईत घरभाडं किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा इथे प्रत्येकाला खोली द्या असं कोणी म्हणत नाही. इथे पहिली पायरी म्हणजे चोवीस तास उघडी जागा, जिथे मोठे आणि लहान वेगळे झोपतील, जिथे किल्लीचा एक छोटा कप्पा मिळेल आणि ज्याच्या तोंडाला वास येतो त्यालाही दारातून परत पाठवलं जाणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे शहरात दर लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा. 2011 च्या लोकसंख्येवर मुंबईत असे सव्वाशेच्या आसपास लागतात. आपण त्याच्या जवळपासही नाही.

## अठरा पूर्ण झाल्यावर

सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलासाठी समिती आहे, बालगृह आहे. महिनाभराने तो 'प्रौढ' होतो आणि हीच यंत्रणा त्याला ओळखत नाही. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत पश्चातसेवेची सोय आहे आणि केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेखाली दरमहा 4 हजार रुपयांची मदतही. पण जो बालगृहात टिकलाच नाही, फलाटावरच वाढला, त्याच्या वाट्याला ती येत नाही. आधार कार्डावर पत्ता नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून भाड्याची खोली नाही. बोळ्याकडून गर्दकडे, नाहीतर एमडीकडे जाण्याचं वय साधारण हेच. एमडी म्हणजे मेफेड्रोन. 2015 मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीत आलं आणि आता खिशात सापडलं तर थेट तुरुंग. बाराव्या वर्षी ज्याची आपल्याला दया येत होती, तोच विसाव्या वर्षी आपल्याला गुन्हेगार वाटतो. मधल्या आठ वर्षांत त्याला झोपायला जागा मिळालेली नसते.

## समोर दिसला तर

1098 लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. मोठ्या मुलासाठी नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक 14446. फोन लावून निघून जाऊ नका, माणूस येईपर्यंत दहा मिनिटं लांबून नजर ठेवा. त्याच्यामागे धावू नका, बोळा हिसकावू नका, त्याचा फोटो काढू नका. पैशांऐवजी बसून खाता येईल असं काही द्या, आणि तो खात असताना जरा बाजूला बसा. तुमचं स्टेशनरीचं किंवा पंक्चरचं दुकान असेल तर लहान मुलाला सुटी ट्यूब विकू नका. कोण विकतो हे मुलांना पक्कं माहीत असतं, आणि कोण विकत नाही हेही.

तो पाटीवाला मुलगा पुढे एका संस्थेच्या दिवसा उघड्या असणाऱ्या खोलीत जाऊ लागला. तिथे आंघोळीला पाणी होतं आणि नावाची चिठ्ठी लावलेला डबा होता. पहिले कित्येक दिवस तो तिथे काहीच शिकला नाही. यायचा, डब्यात चपला ठेवायचा, कुलूप लावायचा, किल्ली गळ्यात घालायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दुपारचं जेवण व्हायचं, ताटं घासून व्हायची, तरी तो झोपलेलाच. तिथल्या ताई त्याचं ताट झाकून ठेवायच्या आणि दार लावताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हाताने धरून सरकवायच्या.